शेळीने वाघ खाल्ला

माझ्या अंगणवाडीत एकदा शेळीने वाघ खाल्ला. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे बघतो, आणि नवरा गंभीर चेहरा करून म्हणतो, "खरं हाय. आख्खा वाघ. शेपटासगट." पण हे नीट समजायचं तर आधी माझी चित्रं समजली पाहिजेत.

कुरुंद्याजवळच्या एका गावात मी अंगणवाडीची ताई आहे. तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरं सकाळी येतात, गाणी म्हणतात, भांडतात, खिचडी खातात आणि घरी जातात. मध्ये जो वेळ उरतो त्यात आम्ही शिकतो. एका वर्षी वरून चित्रांच्या कार्डांचं एक खोकं आलं. चित्रं बघायची आणि प्राणी प्राण्यांत, फळं फळांत, अशी वेगवेगळी लावायची. कल्पना चांगली होती, पण कार्डं निवडणाऱ्याने उंटावरून शेळ्या हाकलेल्या होत्या. त्यात स्ट्रॉबेरी होती, जहाज होतं आणि पेंग्विन होता. पेंग्विन बघून एक पोरगं म्हणालं, "हे आमचं काका हाय." त्याचा काका वसमतच्या कोर्टात वकील आहे. काळा कोट, पांढरा सदरा, पुढे आलेलं पोट, मला त्यात चूक काढता येईना.

मग मी माझी कार्डं स्वतःच केली. बियाण्याच्या पिशव्यांवरची वांगी, भेंडी आणि टमाटे कापले. ट्रॅक्टरच्या जाहिरातीतला ट्रॅक्टर घेतला. जुन्या कॅलेंडरावरची गाय घेतली. आणि दिवाळीत फटाक्यांच्या एका खोक्यावर वाघ सापडला, असा पिवळाधमक की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यावर ही सगळी मंडळी मी चिकटवली, तीही मैद्याची खळ शिजवून. नवरा म्हणाला, "लेकरायच्या पोटात जायचा मैदा पुठ्ठ्याच्या पोटात घालून राहिली." त्या मैद्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

चार टोपल्या मांडायच्या. एकीत प्राणी, एकीत भाज्या, एकीत फळं, एकीत गाड्या. मी नाव घ्यायचं, लेकराने ढिगातून ते चित्र उचलायचं आणि बरोबर टोपलीत टाकायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच दिवशी कोंबडी भाज्यांच्या टोपलीत गेली.

"का रे, कोंबडी भाजीत काहून?"

"आईनं रविवारी कोंबडीची भाजी केलती," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आमच्याकडे मटणाचीही भाजीच होते, तेव्हा मी कोंबडी तिथेच राहू दिली. मासा गाड्यांच्या टोपलीत निघाला, कारण सिद्धेश्वर धरणाचे मासे विकणारा मोटारसायकलवर येतो आणि मासा कधी त्या मोटारसायकलीवेगळा दिसलेला नाही. ट्रॅक्टरवरून तर दोन पोरांची झटापट झाली. एकाच्या मते तो प्राणी, कारण तो रात्री बैलाशेजारी गोठ्यात उभा असतो. मी कुणालाच चूक म्हणत नव्हते, फक्त "काहून?" विचारायची. त्या उत्तरांवर माझा दिवस जायचा, आणि संध्याकाळी तीच उत्तरं घरी सांगून नवऱ्याला जेवू देत नसे.

या सगळ्या गोंधळात एक पोरगी होती जिला "काहून" विचारून उपयोग नव्हता. तिच्या घरचे गावातले जुने पिंजारी. आजोबाच्या आजोबापासून गाद्या-रजया भरायचं काम, आता घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायची मशीन. पोरगी साडेपाच वर्षांची होत आली होती. केसांत नेहमी कापसाचा एखादा तंतू अडकलेला, डोळे टपोरे, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. पाण्याला "पा" आणि दादीला "दा", त्यापुढे गाडी सरकत नव्हती.

तिची आई तिला सोडायला आली की दारात घुटमळायची. एकदा मदतनीस मावशी आत गेलेली बघून ती मला म्हणाली, "ताई, हिला जूनमधी पहिलीत बसवायचं हाय मला. पण सासूबाई म्हणतेत, बोलत न्हाई तर शाळेत जाऊन काय करंल, पोरं चिडवतेल, घरीच राहू द्या. तुमी काहीतरी करा. मी सातवीपर्यंत शिकले ताई, पुढं कुणी जाऊ दिलं न्हाई. हिचं तर पहिलीच्या दारातच थांबून राहिलंय."

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं? पण त्या दिवसापासून पोरगी माझ्या डोक्यात बसली.

तिचं एक कोडं होतं. दोन सारखी चित्रं जुळवायला दिली की ती सगळ्यांच्या पुढे. गायीला गाय, भेंडीला भेंडी, आणि दुसऱ्याचं चुकलं तर त्याच्या हातातून काढून घेऊन बरोबर ठेवायची. नुसता ढीग पुढे ओतला तरी चारही टोपल्या चोख लावायची. पण मी "वांगं दे गं" म्हणाले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग हाताला लागेल ते कार्ड उचलून द्यायची. कधी केळी, कधी बस. कधी वांगंही यायचं, म्हणून कोडं आणखी अवघड व्हायचं.

मावशीने निकाल लावून टाकला होता. "लाडाचं लेकरू हाय ताई. समदं कळतंय, पर करायचं न्हाई." गावात यापेक्षा वाईट निकालही लावलेले होते. पाण्याला गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "पिंजाऱ्याची पोरगी जरा मंद हाय का वो?" मला अशा बायकांचा फार राग येतो. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, तसं त्या पोरीचं झालं होतं.

म्हणून एका दुपारी मी तिच्या घरी गेले. थंडी तोंडावर आलेली, गाद्या-रजयांचा सीजन, आणि मशीन अशी धडधडत होती की शेडचा पत्रा थरथरत होता. मी दारातून "दादी, हाव का?" म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्या घरात कुणी बोलतच नव्हतं. पोरीच्या बापाने गालाखाली तळहात धरला, पोरगी पळत जाऊन उशीची खोळ घेऊन आली. आईने हवेत टाका घातला, पोरगी सुई-दोऱ्याचा डबा घेऊन हजर. दादीने दोन्ही हात पसरले आणि मग पोरीच्या कानाशी वाकून अशी गरजली की मी दचकले, आणि पोरगी हसत हसत गादीचं कापड ओढत आली. माझ्यासाठी चहा सांगायला दादीने अंगठा आणि बोट ओठांशी नेलं. चहा आला. बशीत कापूस होता.

"देखा?" दादी माझ्या कानात ओरडली. "समदं काम करते! बराबर समजते! तुमच्याच शाळंत काहून गप बसते?"

म्हणजे घरी हुशार आणि माझ्याकडे आली की बस आणि वांगं. याचा अर्थ माझं काहीतरी चुकतंय, असा मी सरळ हिशेब केला आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी प्रेमाने, आणखी हळू बोलायला लागले.

हे हळू बोलणं माझ्या स्वभावात नाही, ते मला शिकवलेलं आहे. माझं माहेर शिरड शहापूरचं. तिथे आमच्या मळ्यातून मी हाक मारली की रस्त्यावरचे लोक थांबायचे. सासरी आल्यावर सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की आता गावाला भोंग्याची गरज उरली नाही. पण ताई म्हणून प्रशिक्षणाला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी सांगितलं, मुलांशी मृदू आवाजात बोला, मुलं घाबरतात. मला ते पटलं. मी कष्टाने आवाज खाली आणला. अंगणवाडीच्या दारात चपला काढायच्या तसा माझा मूळचा आवाजही मी बाहेर काढून ठेवायची.

आणि मग शेळी आली.

शेळी मावशीचीच होती. मावशी तिला मागच्या लिंबाला बांधायची, आणि ती शेळी मावशीसारखीच, बांधली तरी न बसणारी. त्या दिवशी पोरं गोल करून बसली होती, पिंजाऱ्यांची पोरगी दाराकडे पाठ करून भाज्यांची चित्रं जुळवत होती, आणि मी फळ्यावर काहीतरी काढत होते. मागून कुरकुर आवाज आला. वळून बघते तर शेळी आत, तोंड दाराशेजारच्या प्राण्यांच्या टोपलीत. मैद्याच्या खळीचा वास तिला लागला होता. गाय तिने हुंगून सोडून दिली, घोडा अर्धा चावून टाकला, आणि बाहेर फक्त पिवळ्या शेपटाचा तुकडा राहील असा माझा वाघ तोंडात घेतला.

माझा तोल गेला. प्रशिक्षण, मॅडम, मृदू आवाज, सगळं त्या शेळीबरोबर गेलं. मी शिरड शहापूरच्या मळ्यातल्या आवाजात ओरडले, "हाऽऽड! सोड! वाघ सोड माझा!"

सगळी पोरं एकदम माझ्याकडे बघायला लागली. दोघं रडली. मावशीच्या हातातलं पातेलं पडलं. आणि ती पोरगी, जी मी इतके महिने गोड आवाजात बोलावलं तरी कधी वळली नव्हती, ती पाठमोरी असलेली झटक्यात वळली. तिने शेळीच्या तोंडातलं वाघाचं शेपूट बघितलं, माझं लाल झालेलं तोंड बघितलं, आणि टाळ्या पिटून खदाखदा हसली. मग माझ्याकडे बोट करून पुन्हा कर, पुन्हा कर, अशी खूण करायला लागली.

मी तशीच उभी राहिले. शेळीने सावकाश वाघ गिळला.

संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात एकेक चित्र आपापल्या टोपलीत पडायला लागलं. दिसतं ते सगळं तिला येतं. खुणेचं सगळं येतं. कानाशी वाकून ओरडलेलं येतं. माझं मृदू बोलणं तेवढं येत नाही. माझ्या तोंडाकडे ती बघते ते लाडाने नाही, ओठ बघते. आणि घरी कुणाच्या लक्षात येणार कसं? त्या मशीनपुढे सगळंच घर खुणांनी बोलतं नाहीतर ओरडून. तिथे चांगल्या कानाच्या माणसालाही ऐकू येत नाही, तर हिचं वेगळं काय दिसणार? भाकरी करपली. नवरा म्हणाला, "वाघ शेळीनं खाल्ला, ही भाकर कुणी खायाची?"

दुसऱ्या दिवशी मी टोपल्या घेऊनच पिंजाऱ्यांच्या घरी गेले आणि खुणेने सांगितलं, मशीन बंद करा. बापाने मी वेडी झाल्यासारखं बघितलं. सीजनमध्ये मशीन बंद म्हणजे काय! पण पोरीची आई उठली आणि तिनेच खटका ओढला. धडधड थांबली. गंमत अशी की मशीन थांबली तरी सगळे ओरडतच होते. "काय झालं ताई?" बाप हातभर अंतरावरून गरजला.

मी पोरीला अंगणात टोपल्यांपुढे बसवलं, तिच्या मागे आईला उभं केलं आणि म्हणाले, "हळू आवाजात म्हणा, गाय. खूण करायची न्हाई."

"गाय," आई म्हणाली.

पोरगी कापसाच्या पुंजक्याला फुंकर घालत होती.

"गाय दे गं, गाय."

पोरीने दुसरी फुंकर घातली.

दादीला राहवलं नाही. "अगं असं बोलल्यावर कोन ऐकंल!" म्हणत ती पुढे झाली आणि नेहमीच्या आवाजात गरजली, "गाऽऽय!" पोरीने लगेच गायीचं कार्ड उचलून टोपलीत टाकलं.

"देखा? सुनती है!" दादी आमच्याकडे विजयाने वळली. आणि मग तिने सुनेचं तोंड बघितलं. सुनेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. दादीने पुन्हा पोरीच्या पाठीकडे बघितलं, आणि बहुतेक जन्मात पहिल्यांदा अगदी हळू म्हणाली, "बेटी." पोरगी फुंकर घालत राहिली. दादी तिथेच मातीत बसली. मी तेवढ्या वेळासाठी स्वतःचं हुशार डोकं विसरून गेले.

पुढचं सगळं धावपळीचं. लेकरांना तपासायला गाडी घेऊन येणाऱ्या डॉक्टरांना मी पोरगी दाखवली, त्यांनी हिंगोलीला पाठवलं, हिंगोलीहून नांदेडला. मला वाटलं होतं तेच निघालं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण अगदी नाही असं नाही, कानाला मशीन लावली तर पोरगी ऐकेल, आणि ऐकायला लागली की बोलायला शिकेल. वेळ लागेल. मशीन हा शब्द ऐकून दादी पुन्हा मूळ आवाजात आली. "कानात मशीन? घरात येक मशीन हाय ती काय कमी हाय? पोरगीची जात, लोक काय म्हनतेल?"

सून सासूपुढे कधी न बोलणारी. ती म्हणाली, "लोकं आत्ता बी म्हनूनच राहिलेत की, मंद हाय म्हणून." त्यावर दादीने मशीनचा विषय सोडला. पण शाळेचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ते मंग बघू."

कानाची मशीन आली तेव्हा शेतांत हळद शिजत होती, गावभर तोच वास. पहिल्या दिवशी पोरगी मशीन घालून घरी गेली, शेडमधली मशीन सुरू झाली, आणि पोरीने कानातलं उपटून थेट कापसाच्या ढिगात फेकलं. सगळं घर कापूस उपसत बसलं. नंतर त्यांनी शिस्त लावली. मोठी मशीन चालू असली की छोटी डबीत, मोठी बंद झाली की छोटी कानात. आणि छोटी कानात असली की ओरडायचं नाही, कारण पोरगी कान झाकून रडायची. बाप लवकर शिकला. दादीचा आवाज उतरायला फार वेळ लागला. मध्येच विसरून ती गरजायची, पोरगी डोळे वटारायची आणि दादी तोंडावर हात ठेवायची.

माझ्याकडे ती रोज येत होती. मी तिला पुढ्यात बसवून एकेक चित्र दाखवायची, नाव घ्यायची, पुन्हा घ्यायची. पक्ष्यासारखी मान वाकडी करून ती ऐकायची. शब्द यायला लागले, पण मोडके, अर्धे, कधी दिवसभर एकही नाही. उन्हाळा लागला, जून जवळ आला आणि तिची आई पुन्हा दारात घुटमळायला लागली. दादीचं अजून "बघू"च चालू होतं.

मग एका सकाळी आई दादीला घेऊनच आली. दादी दारात उभी राहिली, आत येईना. मी म्हणाले, "बसा, तुमच्यासमोर खेळतो." चार टोपल्या मांडल्या, ढीग ओतला, पोरीला दाराकडे तोंड करून बसवलं आणि मी तिच्या पाठीमागे गेले. आज हिने बस उचलून दिली तर दादीला मी कोणत्या तोंडाने सांगू?

"भेंडी," मी मृदू आवाजात म्हणाले. भेंडी भाज्यांत गेली. "बस." बस गाड्यांत गेली. "केळी." केळी फळांत गेली. दादी उंबऱ्यावर टेकली.

मला जोर आला. आणि जोर आला की माझं डोकं चालत नाही. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "वाघ."

पोरीने ढीग चाचपला. प्राण्यांची टोपली पालथी केली. गाय, अर्धा घोडा, कुत्रा. माझ्या लक्षात आलं आणि मी जीभ चावली. वाघ आहे कुठे! मी काही बोलणार तेवढ्यात पोरीचे हात थांबले. ती मागे वळली, माझ्याकडे बघून मिस्कील हसली, आणि खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाकडे बोट केलं. लिंबाखाली मावशीची शेळी रवंथ करत बसली होती.

"बकी," पोरगी म्हणाली. मग दुसरं बोट आपल्या तोंडाकडे नेलं. "बकी… खाय."

मी आणि मावशी अशा हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं होतं का कसलं, मला नाही सांगता येणार. पोरीच्या आईने भिंतीला हात टेकला. दादीला काही कळेना. "क्या बोली? काय म्हनली?" ती हळू आवाजात विचारत होती, सगळ्यांकडे बघत. तेव्हा गोलातली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "शेळीनं वाघ खाल्ला!" आणि पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवून त्यांना डोळे वटारले.

दादीने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग नाक पुसलं, सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "कुरुंद्याचा बाजार कधी हाय? हिला दप्तर घ्यावं लागंल."